शिवणीतली माया

मराठीतील काही शब्द प्रवचनातही चालतात आणि बाजारातही. 'माया' हा त्यांपैकी एक. तत्त्वज्ञांनी मायेला भ्रम ठरविले, संतांनी तिच्यापासून सावध राहावयास सांगितले, व्यवहारी माणूस गाठीच्या पैशाला माया म्हणतो आणि आई मुलावर करते तीही मायाच. शिंप्याच्या तोंडी मात्र या शब्दाला आणखी एक, अगदी टेपने मोजता येण्याजोगा अर्थ आहे. टीप जेथे पडते तेथपासून कापडाच्या कडेपर्यंत आतल्या अंगाला जी पट्टी राखून ठेवलेली असते, तिला तो माया म्हणतो. 'अर्धा इंच माया धरा', 'मुलाचा सदरा आहे, माया जास्त सोडा', असे तो सहज बोलून जातो. ही माया बाहेरून दिसत नाही. कपड्याच्या देखणेपणात तिचा काही वाटा नसतो. परंतु तो कपडा पुढच्या वर्षी अंगाला येईल की नाही, किंवा धाकट्याच्या उपयोगी पडेल की नाही, हे तीच ठरविते.

शिवणकामावर धर्मगुरूने लिहावे याचे कुणाला हसू येईल. परंतु सेमिनरीत ज्याने दिवस काढले आहेत त्याला सुईदोरा परका नसतो. तेथे गुंडी तुटली तर ती ज्याची त्यानेच लावावयाची असे, आणि झग्याची खालची दुमड सायकलच्या साखळीत सापडून उसवली तर प्रार्थनेची घंटा होण्यापूर्वी तीवर टाके घालावयाचे असत. पुढे धर्मग्रामात आल्यावर या विषयाकडे आमचे अधिकच लक्ष गेले. आमचे वालीव वसई रोड स्थानकाच्या पूर्वेला, महामार्गाच्या बाजूचे. 2009 साली महानगरपालिका झाली, 2014 साली ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. परंतु वालीवचे रूप त्याहीपूर्वीपासून पालटत होते. शेतांच्या जागी कारखान्यांचे गाळे उभे राहिले, आणि त्या गाळ्यांत कामाला आलेली माणसे आमच्या शेजारी राहू लागली. पश्चिम पट्ट्यातील जुन्या घरांची लेकरे आणि दूरच्या प्रांतांतून आलेल्या कामगारांची लेकरे आता एकाच बाकावर मिस्सेला बसतात. दोन्ही घरांत एखादे शिवणयंत्र बहुधा असते. कुठे ते चालते, कुठे त्यावर फुलदाणी ठेवलेली असते.

आमच्या लहानपणी, म्हणजे सत्तरचे दशक संपून ऐंशीचे सुरू होत असताना, आमच्या शेतकरी घरात नवे कापड वर्षातून एकदा, नाताळाला येई. आमच्या आईची शिंप्याला एकच ताकीद असे : 'अंगाला नको शिवू, भाऊ, वर्षाला शिव.' त्यामुळे जानेवारीत सदऱ्याच्या बाह्या बोटांवर येत आणि पुढच्या डिसेंबरात मनगटावर. थोरल्या बहिणीच्या फ्रॉकला घेराच्या खालच्या भागात दोन आडव्या घड्या टिपलेल्या असत. पाहुण्यांना ती नक्षी वाटे. दर वर्षी त्यांतली एक घडी उसवली जाई आणि फ्रॉक तेवढा खाली उतरे. दोन्ही घड्या संपल्या की तो फ्रॉक धाकटीकडे जाई, आणि जाताना घड्या पुन्हा घातल्या जात. लुगडे विरले की त्याचे जुनेर होई. जुनेराची दुपटी आणि गोधडी होई. गोधडी झिजली की तिचे पायपुसणे. कापडाला असे अनेक जन्म असत, आणि प्रत्येक जन्मात कुणाची तरी दुपार खर्ची पडलेली असे.

आज दुकानातून आणलेला तयार कपडा वरून पाहिला तर आमच्या त्या सदऱ्याहून शंभर पटींनी नीटस असतो. तो उलटा केला म्हणजे फरक कळतो. कारखान्यातील ओव्हरलॉकचे यंत्र कडेला दोऱ्यांची वीण घालते आणि त्याच वेळी उरलेले कापड कापूनही टाकते. पाव इंच कड राहिली तरी पुष्कळ. कारखानदाराच्या दृष्टीने हे योग्यच आहे. एका शर्टामागे अर्धा वीत कापड वाचले तर हजार शर्टांमागे किती वाचेल, याचा हिशेब त्याला ठेवावा लागतो. परंतु त्या हिशेबात पुढचे वर्ष धरलेले नसते. आमच्या धर्मग्रामातील सभागृहात आठवड्यातून दोनदा शिवणवर्ग भरतो. तेथे एक मावशी नातवाचा शर्ट घेऊन आल्या. शर्ट उलटा करून त्या आम्हांला म्हणाल्या, 'फादर, बाहेरून किती छान आहे बघा. आत मायाच नाही. उसवून तरी काय करू?' मावशी शिवणीविषयीच बोलत होत्या. आम्ही मात्र ते वाक्य विसरू शकलो नाही, आणि हा लेख त्यातूनच निघाला. माया आहे तेथे काय करावे आणि नाही तेथे काय करावे, याविषयी त्या वर्गातील जाणत्या भगिनींकडून जे ऐकले आणि पाहिले, ते वाचकांपुढे ठेवतो.

पहिले काम उसवण्याचे. घाईची माणसे शिवण दोन्ही बाजूंनी ओढून फाडतात. त्यात टाक्यांबरोबर कापडही ओरबाडते. त्यापेक्षा शिवण सपाट पसरावी, एका बाजूचा दर चौथा-पाचवा टाका ब्लेडच्या टोकाने कापावा आणि मग कापड उलटून दुसऱ्या बाजूचा दोरा हलकेच ओढावा. तो सबंध सुटून येतो. दोऱ्याचे बारीक तुकडे वेचून काढावेत आणि ओलसर फडके ठेवून इस्त्री करावी. जुन्या दुमडीची रेघ हटत नसेल तर पाण्यात थोडा पांढरा शिरका घालून त्यात ते फडके पिळून घ्यावे. मात्र आधी आतल्या कोपऱ्यावर रंगाची परीक्षा करावी. काही कपड्यांचा बाहेरचा रंग उन्हापाण्याने उतरलेला असतो आणि दुमडीच्या आतला मूळचा राहिलेला असतो. तेथे इस्त्री काही करू शकत नाही. त्या रेघेवर लेस किंवा रंगीत पट्टी शिवावी, म्हणजे डाग होता तेथे शोभा येते.

सैल कपडा आत घेताना बहुधा गणित फसते. कंबर दोन इंचांनी कमी करावयाची असली म्हणजे नवशिकी दोन्ही बगलांना एकेक इंच आत टीप घालते, आणि कपडा चार इंचांनी आवळतो. बगलेच्या शिवणीत पुढचा आणि मागचा असे दोन पदर असतात. दोन्ही बाजू मिळून चार. दोन इंच चार पदरांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा इंच येतो. म्हणून टीप अर्धा इंचच आत सरकवावी, आणि तिची दोन्ही टोके जुन्या टीपेला हळूहळू नेऊन मिळवावीत, एकदम वळवू नयेत. आधी कच्चा दोरा घालावा, कपडा अंगात घालून बसावे, वाकावे, हात वर करावेत, आणि मगच पक्की टीप मारावी. या कामातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी येते : आत राहिलेले जादा कापड कापून टाकू नये. आज जे सैल आहे ते उद्या घट्ट होण्याचा संभव असतो. बाळंतपण असते, आजारपण असते, वय असते. आत दुमडून राहिलेली ती पट्टी म्हणजे पुढच्या दिवसांसाठी ठेवलेली मायाच.

घट्ट कपडा सैल करणे याहून अवघड. माया असेल तर टीप बाहेर सरकवावी. पण शिवणीबाहेर निदान पाव इंच कापड उरलेच पाहिजे, नाहीतर पहिल्याच धुण्यात शिवण निसटते. माया मुळीच नसेल तर नवे कापड घालावे लागते, आणि ते लपविण्याचा प्रयत्न करू नये. बगलेपासून खालपर्यंत दोन्ही बाजूंना एकेक इंचाची पट्टी दिसेल अशी घातली की घेर दोन इंचांनी वाढतो. त्यासाठी पट्टी दोन इंच रुंद कापावी, कारण दोन्ही कडांना अर्धा अर्धा इंच मायेत जातो. ही पट्टी उघड वेगळ्या रंगाची घेऊन तोच रंग गळ्याला किंवा खिशालाही दिला की कपडा मुळात तसाच बेतला होता असे वाटते. केवळ हात उचलताना कपडा ताणत असेल तर बगलेत चौकोनी तुकडा पुरतो. जुन्या अंगरख्यांना असा तुकडा मुळातच असे. त्याला चौबगला म्हणत. शेतात, वखारीत हात वर करून काम करणाऱ्या माणसांचे कपडे बगलेत फाटतात, हे त्या जुन्या शिंप्यांना ठाऊक होते.

मुलांच्या कपड्यांत आडव्या घड्यांची जुनी युक्ती अजूनही तितकीच उपयोगी आहे. अर्धा इंच खोल दिसणारी घडी एक इंच कापड पोटात घेते. तेव्हा अशा दोन घड्या म्हणजे दोन इंचांची वाढ. गोल घेराच्या, म्हणजे उरेब कापलेल्या, कपड्याची दुमड मात्र त्याच दिवशी घालू नये. उभ्या आणि आडव्या धाग्यांच्या दिशेने कापड फारसे ताणत नाही. तिरक्या दिशेने ते आपल्याच वजनाने खाली उतरते. म्हणून घागरा किंवा फ्रॉक एक रात्र टांगून ठेवावा, सकाळी जमिनीपासून सगळीकडे सारखे माप घेऊन खडूने खूण करावी आणि मग दुमडावे. पँटची लांबी ठरविताना नेहमीचे बूट किंवा चप्पल पायात असावी. गळ्याच्या आणि मुंढ्याच्या वळणावर आतल्या मायेला टीपेच्या जवळपर्यंत लहान लहान कात्रे द्यावेत, नाहीतर वळण ओढल्यासारखे दिसते.

यापुढची सूचना बायबलच्या वाचकांना नवी नाही. कोऱ्या कापडाचे ठिगळ जुन्या वस्त्राला कुणी लावीत नाही, असे प्रभू येशूने सांगितले; मार्ककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात ते आहे. आपण त्याचा आध्यात्मिक अर्थ ऐकतो आणि पुढे जातो. परंतु त्या दृष्टांताचा पाया घरकामातील अनुभव आहे. मागावर सुती धागे ताणून धरलेले असतात. पाणी लागले की ते सैल होऊन आखडतात. जुने वस्त्र अनेकदा धुऊन आखडून गेलेले असते, कोरे ठिगळ आखडावयाचे असते. पहिल्या धुण्यात ते आक्रसते आणि भोवतालच्या विरलेल्या कापडाला ओढून पहिल्यापेक्षा मोठे भोक पाडते. समोरच्या श्रोत्यांना हे ठाऊक होते, म्हणूनच दृष्टांत लागू पडला. कापड न आखडण्याची यांत्रिक प्रक्रिया फार पुढची. अमेरिकेतील सॅनफर्ड क्लुएट यांनी 1930 च्या सुमारास ती शोधली आणि तिला त्यांच्याच नावावरून 'सॅनफोराइज्ड' म्हणू लागले. वाचकांतील वडीलधाऱ्यांना कापडाच्या काठावरचा तो शिक्का आठवत असेल. तरीही सुती कापड, अस्तर आणि लेस कापण्यापूर्वी एक रात्र पाण्यात भिजवून वाळवावी. ठिगळासाठी तर त्याच वयाचे, तितकेच धुतलेले कापड शोधावे.

फाटके लहान असेल तर ठिगळापेक्षा रफू बरा. रफूची कला आम्हांला विशेष भावते ती तिच्या दोऱ्यामुळे. बाजारातला दोरा कितीही जुळता घेतला तरी तो वेगळा दिसतो. म्हणून कसबी रफूगर त्याच कपड्याच्या आतल्या मायेतून एकेक धागा काढतो, आधी उभे धागे भरतो आणि मग त्यांतून आडवे विणतो. कपड्याची जखम कपड्याच्याच राखीव धाग्याने भरून निघते. शर्टाची कॉलर मानेपाशी विरते तेव्हाही असाच उपाय आहे. तिची खालची बाजू बहुधा शाबूत असते. कॉलर पट्टीपासून उसवावी, उलटी करावी आणि पुन्हा तेथेच बसवावी. शर्टाला आणखी दोन वर्षे मिळतात. जाड कापडाला गुंडी लावताना तिच्यावर आगकाडी आडवी ठेवून टाके घालावेत, मग काडी काढून घेऊन गुंडीखाली दोऱ्याचे दोन-चार वेढे द्यावेत. गुंडीला मान मिळते आणि काज लावताना कापड ओढले जात नाही.

यंत्राविषयी थोडेच सांगतो. मलमलीसारख्या तलम कापडाला 11 नंबरची सुई, पॉपलीनला 14, खाकीसारख्या जाड कापडाला 16 आणि जीन्सला 18, एवढे पाळले तर निम्म्या तक्रारी मिटतात. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे फासे पडू लागले की लोक बॉबिनला दोष देतात. बहुधा वरचा दोरा नीट ओवलेला नसतो. दाबपट्टी वर करून तो पुन्हा पहिल्यापासून ओवावा आणि चिंधीवर टीप घालून पाहावी. तेल दिल्यावरही आधी चिंधीच शिवावी. आणि कापडाच्या कात्रीने कागद कधीही कापू नये, मग मागणारा घरातला कितीही लाडका असो.

यंत्रांविषयी गांधीजींचे आक्षेप प्रसिद्ध आहेत. परंतु 1924 साली रामचंद्रन या तरुणाशी झालेल्या संभाषणात त्यांनी शिवणयंत्राला अपवाद केले. पत्नी हाताने शिवून शिवून दमते हे पाहून सिंगर यांनी प्रेमापोटी हे यंत्र केले, असे त्यांचे म्हणणे होते. इतिहास इतका सरळ नाही. दोन दोऱ्यांनी टाका घालणाऱ्या यंत्राचे पेटंट एलायस हाउ यांनी 1846 मध्ये घेतले, सिंगर यांचे 1851 मध्ये आले, आणि दोघांचे भांडण न्यायालयात जाऊन सिंगर यांना पैसे मोजावे लागले. तरीही गांधीजींना जे जाणवले त्यात तथ्य होते. ज्या घरात यंत्र आले तेथे बाईचे डोळे आणि वेळ दोन्ही वाचले. आपल्याकडे कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने 1930 च्या दशकात 'उषा' यंत्र काढले आणि पुढे ते मध्यमवर्गीय घरांत पोहोचले. आमच्या शिवणवर्गातील काही भगिनी आज त्या यंत्रावर शेजाऱ्यांचे कपडे बेताचे करून देऊन मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च भागवितात.

मग अडते कोठे? आमच्या मते, लाजेपाशी. उसवून शिवलेला कपडा ही दारिद्र्याची खूण आहे, असे आपण कधीतरी मानू लागलो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये 1 जून 1941 पासून कपडे कूपनांवर मिळू लागले आणि ते बंधन 1949 पर्यंत टिकले. त्या काळात सरकारनेच जुने कपडे दुरुस्त करून वापरण्याची पुस्तिका छापली, आणि ज्यांच्या खिशात पैसे होते त्यांच्या घरीही कॉलरी उलटल्या गेल्या. सर्वांनी मिळून केले तेव्हा त्यात लाज उरली नाही. आमच्याकडे ही लाज सर्वांत अधिक दिसते ती प्रथम कम्युनियनच्या दिवशी. एकाच दिवसासाठी नवा पांढरा झगा आणला जातो, किंवा भाड्याने घेतला जातो. ज्या घराला दोन्ही झेपत नाही त्या घरातील आई आमच्याकडे येऊन खालच्या मानेने विचारते, 'फादर, साधा फ्रॉक चालेल का?' चालेल, असे आम्ही सांगतो. परंतु मंदिरात बाकीच्या मुली कशा येतील हे तिला दिसत असते. थोरल्या बहिणीचा, मावशीच्या मुलीचा, शेजारणीचा झगा उसवून, पट्टी घालून, लेस बदलून धाकट्या मुलीला व्हावा, आणि त्यात गावातील सधन घरांनी पुढाकार घ्यावा, असे आम्हांला मनापासून वाटते. सधन घरातील मुलगी बहिणीच्या झग्यात उभी राहिली तर शेजारच्या मुलीची मान आपोआप वर होईल.

दुसरी गोष्ट दानाची. जुलै 2018 मध्ये अतिवृष्टीने वसई-नालासोपारा पाण्याखाली गेले, रेल्वे थांबली, सखल भागातील घरांत पाणी शिरले. त्यानंतर मदतीच्या कपड्यांची गाठोडी आमच्याही ओसरीवर येऊन पडली. देणाऱ्यांची भावना चांगली होती, याविषयी शंका नाही. पण गाठोडी सोडल्यावर चेन तुटलेल्या पँटी निघाल्या, गुंड्या नसलेले सदरे निघाले, बगलेत फाटलेले ब्लाउज निघाले; काही कपडे तर न धुतलेले. शिवणवर्गाच्या भगिनींनी चार दिवस बसून त्यांतले जमतील तेवढे नीट केले. ज्याचे घर पाण्यात गेले आहे त्याच्या हाती गुंडी नसलेला सदरा ठेवणे म्हणजे त्याला कपडा देऊन संकोचही देणे. प्रेषितांच्या कृत्यांत याफो येथील तबीथेचा उल्लेख आहे. ती वारली तेव्हा गावातील विधवा तिने शिवून दिलेले अंगरखे हातांत धरून पेत्राला दाखवीत होत्या. तिने दिलेले दान अंगात घालता येण्याजोगे होते, आणि ती गेल्यावरही दाखविता येण्याजोगे होते.

वाचकहो, येत्या नाताळापूर्वी कपाटे आवरली जातील. धर्मग्रामासाठी गाठोडे बांधण्याआधी एक संध्याकाळ त्या कपड्यांसाठी काढा. ते धुवा, उलटे करून शिवणी तपासा, गुंड्या लावा, उसवले असेल तेथे चार टाके घाला. घरातील मुलामुलींना सोबत बसवा. सुईत दोरा ओवावयास त्यांचे डोळे आपल्याहून चांगले असतात. आणि मुलांसाठी नवे कापड घेऊन शिंप्याकडे गेलात, तर त्याला एक इंच माया सोडावयास सांगा. कापड थोडे जास्त लागेल.